पहिला घास

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण पाकिटातलं समुद्री मीठ कालवलं की तिथेही खाऱ्या पाण्याची टाकी लावता येते. त्यात क्लाउनफिशची जोडी (हो, तोच तो नेमो) अंडीसुद्धा घालते. खरी गोची पुढे! आठवड्याभराने, दिवे मालवल्यावर अंडी फुटतात. पिल्लू जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. त्याला तोंडात मावेल असा, तोही जिवंत घास लागतो.

तो सापडायला वेळ लागला. १९३० च्या दशकात कळलं, की मिठागरातल्या आर्टेमियाची ताजी पिल्लं माशांच्या पिल्लांना चालतात. पण ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर, म्हणजे बऱ्याच समुद्री पिल्लांना मोठीच. उत्तर निघालं जपानमध्ये. तिथे ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव माजायचे, हिरवं शेवाळ फस्त करायचे आणि ईल गुदमरायचे. १९६० मध्ये ताकाशी इतो यांनी हीच ब्याद समुद्राच्या पाण्यात वाढवायची पद्धत मांडली. शत्रूचं खाद्य केलं की राव!

पुढे रोटिफर पावाच्या यीस्टवर स्वस्तात वाढू लागले, तर ते खाऊन पिल्लं भरल्या पोटी मरायची. यीस्टमध्ये समुद्री माशांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्लं नसतात ना! म्हणून आधी रोटिफरला योग्य शेवाळ चारायचं, मग रोटिफर पिल्लांना.

आज ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. असा प्रत्येक मासा म्हणजे प्रवाळातून न पकडलेला एक मासा. घरी करणार असाल तर रोटिफरची बरणी अंड्यांच्या आधी लावा. पिल्लं थांबत नाहीत.