पोटातल्या बाळाला रक्त

सर्वांगाला सूज, पोटात आणि छातीत पाणी साचलेले, असे बाळ जन्मले की पूर्वी सुईण काय आणि डॉक्टर काय, दोघेही हात टेकत. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्ज्वा हिने १६०९ मध्ये अशा जुळ्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. एक सुजलेले, ते लगेच गेले. दुसरे पिवळे पडून गेले. ही दोन्ही दुखणी मुळात एकच, हे बोस्टनच्या डायमंड, ब्लॅकफॅन आणि बॅटी यांनी दाखवले १९३२ मध्ये!

तोवर बोल लागे तो आईलाच. पहिले मूल धडधाकट आणि पुढची दगावतात, म्हणजे हिच्यातच काहीतरी खोट. १९४०-४१ मध्ये आरएच घटकाचा उलगडा झाला. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असले, तर बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. तिचे शरीर ते परके मानून प्रतिद्रव्ये तयार करते. पुढच्या खेपेला ही प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला पंडुरोग होतो, हृदय थकते, अंगात पाणी साचते.

मला या साऱ्यात मोठा वाटतो तो ऑकलंडचा विल्यम लायली. आईच्या पोटातून सुई घालून तो गर्भजल काढी आणि त्याच्या पिवळेपणावरून बाळाचे दुखणे जोखी. एखाद्या वेळी सुई चुकून बाळाच्याच पोटात शिरे. अशात त्याला कळले, की आफ्रिकेत सिकलसेलच्या मुलांना पोटाच्या पोकळीत रक्त देतात आणि ते अंगी लागते. मग न जन्मलेल्या बाळाला का नाही? सोनोग्राफी हाताशी नव्हती. गर्भजलात क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडायचे, बाळ ते गिळते, त्याची आतडी फोटोत उमटतात, तोच नेम. पहिली तीन बाळे वाचली नाहीत. सप्टेंबर १९६३ मध्ये चौथे वाचले. तीन अपयशांनंतर त्या चौथ्या आईने होकार कसा दिला असेल, याचे मला आजही नवल वाटते.

१९६८ मध्ये अँटी-डी इंजेक्शन आले. बाळंतपणानंतर ७२ तासांत ते दिले, की आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये बहुधा तयारच होत नाहीत. जिथे ते सर्रास मिळते तिथे अशी सूज आता बहुतेक इतर कारणांनी येते: हृदयातील दोष, गुणसूत्रांतील बिघाड, पार्वो विषाणू. यातल्या अनेकांवर इलाज नाही. पार्वोमुळे रक्त आटलेल्या बाळाला मात्र आजही पोटातच रक्त देतात. सुई आता सोनोग्राफीत पाहत नाळेच्या शिरेत जाते.