बांबूच्या काठीचे वेध

आकाश पाहावयाचें म्हणजे आधीं दुर्बीण पाहिजे, ही समजूत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. मुलाला ताऱ्यांचा नाद लागला कीं वडील बाजारांत किंमती विचारूं लागतात; किंमत ऐकून बेत तहकूब होतो, आणि त्याबरोबर मुलाचा नादहि. अशा घरांतून ओडिशांतील एका पुरुषाचें चरित्र अवश्य वाचलें जावें.

चंद्रशेखर सिंह सामंत यांचा जन्म १८३५ सालीं खंडपडा येथील संस्थानिकांच्या घराण्यांत झाला. लोक त्यांना पठाणी सामंत म्हणत. इंग्रजी त्यांना येत नव्हतें. संस्कृत व उडिया या दोन भाषांवरच त्यांची सारी विद्या. लहानपणीं चुलत्यांनीं कांहीं तारे दाखविले, एवढीच काय ती शिकवणी. पुढचें सारें ते जुन्या सिद्धान्तग्रंथांवरून स्वतःच शिकले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते गणित करूं लागले, तों एक अडचण उभी राहिली. गणितानें जो ग्रह जेथें यावयाचा, तो आकाशांत तेथें दिसेना.

अशा वेळीं विद्यार्थी आपलें गणित चुकलें असें समजतो, आणि शास्त्री डोळ्यांना दोष देतो. शिवाय प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. तिथि, ग्रहणें, व्रतें, जगन्नाथाच्या देवळांतील उत्सव, सर्वांचा काळ याच गणितानें ठरावयाचा. पूज्य मानलेला ग्रंथ चुकतो असें म्हणावयाचें, तर पुरावा आकाशांतूनच आणावयास हवा. जवळ वेधशाळा नाहीं, यंत्रें करणारा कारागीर नाहीं. सामंतांनीं बांबू व लांकूड घेतलें.

त्यांचें मानयंत्र म्हणजे चोवीस अंगुळें लांबीची एक काठी, आणि तिच्या टोंकाला काटकोनांत बसविलेली एक आडवी पट्टी. काठीचें मोकळें टोंक डोळ्याशीं धरावयाचें, एक तारा पट्टीच्या मध्याशीं आणावयाचा, आणि दुसरा तारा कोणत्या खांचेशीं अथवा भोंकाशीं येतो तें पाहावयाचें. खुबी सारी खांचांच्या अंतरांत आहे. दहा अंशांची खूण मध्यापासून सुमारे सव्वाचार अंगुळांवर पडते. त्या हिशेबानें पंचेचाळीस अंशांची एकोणिसांवर पडेल असें कोणासहि वाटेल, पण ती पडते बरोबर चोवीसांवर. शाळेंत घोकलेलें त्रिकोणमितीचें कोष्टक येथें बांबूवर कोरलेलें सांपडतें.

या काठीनें काय साधलें? चंद्राच्या कक्षेचा तिरपेपणा सूर्यसिद्धान्तांत ४ अंश ३० कला दिला आहे. सामंतांचा आंकडा ५ अंश ९ कला. त्या काळचा युरोपीय आंकडा ५ अंश ८ कला ४८ विकला. जुन्या व नव्या आंकड्यांतील तफावत चंद्रबिंबाच्या रुंदीहून अधिक भरते! चंद्राच्या गतींतील तीन फरकहि त्यांनीं आपल्या वेधांवरून हुडकले व त्यांस तुंगांतर, पाक्षिक व दिगंश अशीं नांवें दिलीं. युरोपांत हे फरक पूर्वींच ज्ञात होते. खंडपड्याला त्याची वार्ता नव्हती. ताडपत्रांवर लिहिलेला त्यांचा ‘सिद्धान्तदर्पण’ कटकच्या रेव्हेन्शॉ कॉलेजांतील प्राध्यापक योगेशचंद्र राय यांनीं इंग्रजी प्रस्तावनेसह १८९९ सालीं कलकत्त्यास छापून काढला, तेव्हां कोठें बाहेरच्या विद्वानांस या माणसाची ओळख झाली. १९०४ सालीं सामंत वारले.

त्यांना हिंदुस्थानचे टायको म्हणण्याची रीत पडली आहे. मला ती अर्धीच पटते. टायकोजवळ राजाचा पैसा आणि वेधशाळेसाठीं एक अख्खें बेट होतें. साम्य आहे तें असें कीं दोघांनींहि दुर्बिणीवांचून वेध घेतले, आणि दोघांच्याहि रचनेंत ग्रह सूर्याभोंवतीं व सूर्य पृथ्वीभोंवतीं फिरतो. सामंतांची पृथ्वी अखेरपर्यंत स्थिरच राहिली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. काठीच्या वेधांनीं त्या प्रश्नाचा निकाल लागण्यासारखाहि नव्हता.

आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं याच काळांत ‘ज्योतिर्विलास’ लिहून मराठी वाचकास तारे ओळखण्याची वाट दाखविली. त्या वाटेनें निघणाऱ्यास आरंभीं काठीहि नको. हात लांब करून मूठ धरिली कीं सुमारें दहा अंश झांकले जातात. सप्तर्षींतील पुलह व क्रतु यांमधील अंतर साडेपांच अंशांच्या आसपास आहे. तीच रेषा क्रतूच्या पुढें सुमारें पांचपट वाढविली कीं ध्रुव सांपडतो. ध्रुवाची उंची जवळजवळ आपल्या अक्षांशाइतकी, म्हणजे पुण्यास साडेअठरा अंश, खंडपड्यास सव्वावीस.

मग काठी करावी. थंडीच्या दिवसांत व्याध व अगस्त्य यांवर ती पारखून घ्यावी. त्यांत छत्तीस अंशांचें अंतर आहे, म्हणून खांच साडेसतरा अंगुळांच्या सुमारास यावी. गुरु एखाद्या ठळक ताऱ्याजवळ असेल त्या ऋतूंत दर आठ दिवसांनीं दोहोंमधील अंतर मोजून तारखेसह वहींत लिहावें, आणि मग पंचांग उघडावें.