दिसते लागर, असते एल! कोलोन शहराची 'कोल्श' बिअर नेमकी काय आहे?

ताप चढला की कपाळावर ओ-डी-कोलोनच्या पट्ट्या ठेवायच्या, हे अनेक मराठी घरांत चालायचं. त्या नावाचा अर्थ 'कोलोनचं पाणी'. पण जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या या कोलोनमध्ये जाऊन विचारलं, तर तिथली मंडळी दुसऱ्याच पाण्याचं कौतुक सांगतील. फिकट सोनेरी, नितळ आणि हलकी अशी ही बिअर, नाव कोल्श. शहराच्या बोलीभाषेचं नावही कोल्शच. त्यामुळे 'आमची भाषा पितासुद्धा येते' हा विनोद तिथे जुना झालाय.

पहिल्यांदा पिणाऱ्याची प्रतिक्रिया मात्र बऱ्याचदा ठरलेली असते. 'ही तर साधी लागर आहे की!' रंग तसाच, पारदर्शकपणा तसाच, मद्याचं प्रमाणही ५ टक्क्यांच्या आसपास. तरीही कोल्श ही एल आहे.

मग फरक कुठे आहे?

यीस्टमध्ये. एलचं यीस्ट उबदार तापमानात काम करतं आणि आंबवताना वर तरंगतं. लागरचं यीस्ट थंडाव्यात, सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं. इडलीचं पीठ उन्हाळ्यात भराभर फुगतं आणि थंडीत वेळ घेतं, साधारण तसाच प्रकार. उबदार तापमानात यीस्ट जोमात असतं तेव्हा फळांसारखे वास तयार होतात. म्हणून बऱ्याच एलना फळांचा गंध असतो, तर लागर त्या मानाने साफ लागते.

कोल्श बनवणारे दोन्ही वाटा वापरतात. आधी एलच्या यीस्टने बिअर आंबवायची, तीही एलच्या मानाने जरा कमी तापमानात. मग ती काही आठवडे शून्य अंशाच्या जवळ थंड ठेवायची. या थंडीत यीस्ट खाली बसतं, कच्चे वास निघून जातात आणि बिअर निवळते. शेवटी उरतो सफरचंद किंवा पेअरसारखा अगदी पुसटसा गंध, माल्टचा पावासारखा मऊपणा आणि मागून येणारा हॉप्सचा बेताचा कडूपणा. घोट संपताना तोंड कोरडं आणि स्वच्छ होतं, गोडवा रेंगाळत नाही.

'हलकी आहे म्हणजे बनवायला सोपी असेल' हा समज इथे फसतो. काळ्या स्टाउटमध्ये भाजक्या माल्टची चव किंवा आयपीएमध्ये हॉप्सचा मारा छोट्यामोठ्या चुका झाकून टाकतो. कोल्शमध्ये झाकायला काहीच नसतं. तापमान थोडं चुकलं की गंध भडक होतो, साठवण घाईत उरकली की कच्चेपणा लगेच कळतो. साध्या वरणात हिंग जास्त पडला तर लपवणार कुठे?

ग्लास एवढासा का?

कोल्शचा ग्लास सरळ, बारीक आणि उंच असतो. नाव 'श्टांगं', म्हणजे काठी. त्यात मावतात जेमतेम २०० मिली. म्युनिकमध्ये लिटरभराचे मग रिचवणारे यावरून कोलोनकरांना चिडवतात, पण या आकारामागे पक्का हिशोब आहे. कोल्शचा फेस लवकर बसतो, आणि बिअर कोमट झाली, वायू उडाला की तिच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून थोडी थोडी, पण सतत ताजी.

हे काम करतात तिथले वेटर, म्हणजे 'क्योबेस'. याकोब या नावाचं हे बोलीतलं रूप. गोल ट्रेमधल्या खाचांत भरलेले ग्लास बसवून ते हॉलभर फिरतात आणि तुमचा ग्लास रिकामा दिसला की न विचारता नवा ठेवतात. हिशोब म्हणून ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ. नको असेल तर ती चकती ग्लासवर झाकायची. तोंडाने 'बस' म्हणण्यापेक्षा हेच चालतं. क्योबेस फटकळपणासाठी प्रसिद्ध आहेत. पाणी मागितलं तर एखादा टोमणा ऐकायची तयारी ठेवावी. सोबत 'हाल्व्हे हान' मागवला, तर नावाप्रमाणे अर्धा कोंबडा येत नाही. राईचा पाव आणि चीज येतं. शाकाहारी पर्यटकांसाठी ही चांगली बातमी.

नावासाठी लढाई

एल टिकवण्याचा कोलोनचा हट्ट जुना आहे. शहराच्या कौन्सिलने १६०३ मध्येच तळाशी बसणाऱ्या यीस्टने बिअर बनवायला मनाई केली होती. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सन शहरात सोनेरी लागर तयार झाली आणि पुढे तिने युरोपची बाजारपेठ काबीज केली. कोलोनच्या ब्रूअरींनी फिकट रंग आणि थंड साठवण आपलीशी केली, यीस्ट मात्र सोडलं नाही. 'कोल्श' हे नाव पहिल्यांदा १९१८ मध्ये झ्युनर ब्रूअरीने आपल्या बिअरसाठी वापरलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात शहर उद्ध्वस्त झालं, ब्रूअरीही बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. मग युद्धानंतर नव्याने उभं राहताना हीच बिअर शहराची ओळख बनली.

ओळख झाली की नक्कल येतेच. म्हणून १९८६ मध्ये २४ ब्रूअरींनी 'कोल्श करारा'वर सह्या केल्या. बिअर कशी असावी, कोणत्या ग्लासात द्यावी, सगळं त्यात आलं. कोल्श कोलोनमध्येच बनेल हेही ठरलं, फक्त आधीपासून बनवणाऱ्या आसपासच्या काही ब्रूअरींना सूट मिळाली. १९९७ मध्ये युरोपियन युनियनने या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. कोकणच्या हापूसला जीआय मिळालं, तसंच हे.

पण कायद्याने नाव वाचतं, प्रत्येक ब्रूअरी वाचतेच असं नाही. पुढच्या काळात कित्येक ब्रूअरी बंद पडल्या किंवा मोठ्या कंपन्यांकडे गेल्या. बाटल्यांवर जुनी घराणी वेगवेगळी दिसतात, पण त्यातली काही नावं एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. ज्यांना फरक चाखायचा आहे ते अजूनही पेफगेनसारख्या, स्वतःची बिअर स्वतः बनवणाऱ्या जुन्या घरांत जातात.

युरोपबाहेर, विशेषतः अमेरिकेत, अनेक क्राफ्ट ब्रूअरी 'कोल्श' किंवा 'कोल्श स्टाईल' नावाने बिअर विकतात. काही उत्तम असतात. घेताना बाटलीवर आधी तारीख बघावी, कारण तो पुसटसा फळांचा गंध सगळ्यात आधी उडतो. ग्लासही लहानच घ्यावा. आणि कोलोनपासून जेमतेम ४० किलोमीटरवरच्या ड्युसेलडॉर्फला गेलात, तर तिथे कोल्श मागू नका. त्यांची आल्ट बिअरही एलच, पण तांबूस, आणि दोन्ही शहरांचं या विषयावर अजिबात पटत नाही.