चुकांची नोंदवही

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. शिष्याने रोग्याच्या देहाला शस्त्र लावण्यापूर्वी कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर छेदाचा सराव करावा, असे त्यात सांगितले आहे. सरावाने हात तयार होतो. पण प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत तोच हात चुकला तर शल्यविशारदाने काय करावे? या प्रश्नाला शल्यव्यवसायाचे उत्तर दीर्घकाळ बहुधा एकच होते: मौन.

हे मौन बोस्टनचे अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांनी मोडले. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची पुढे दीर्घकाळ विचारपूस करावी, आणि गुण आला नसल्यास त्याचे कारण लिहून ठेवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. परंतु मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती ज्येष्ठतेने मिळे, कामाच्या फलिताने नव्हे. तेथे हा विचार रुजेना, तेव्हा १९१४ मध्ये कॉडमन यांनी राजीनामा दिला.

१९११ मध्ये काढलेल्या आपल्या छोट्या रुग्णालयात त्यांनी १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांची हकीकत नोंदली आणि त्यांत आढळलेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, निदान फसले, की साधने अपुरी होती, अशी त्यांची वर्गवारीही केली. एका शस्त्रक्रियेत आपल्या हातून पित्तनलिकाच बांधली गेली आणि ते आपल्या ध्यानातही आले नाही, ही कबुली त्यांत आहे. या सचोटीची किंमत त्यांनी मोजली. व्यवसायबंधू दुरावले, मिळकत आटली. त्यांच्या दफनस्थळी नावाचा दगड बसला तो २०१४ मध्ये!

आज शल्यविभागांतून मृत्यू व गुंतागुंतीचा आढावा घेणाऱ्या सभा भरतात. चूक कोणत्या क्षणी घडली, ध्यानात केव्हा आली आणि मदतीला कोणाला बोलावले, हे विद्यार्थी तेथे सर्वांसमक्ष सांगायला शिकतो. रक्तस्राव सुरू होताच घाईने चिमटे न लावता आधी दाबून धरावे, क्षणभर थांबावे, वरिष्ठांना हाक मारावी, हेही शिक्षणच आहे. चुकीने खचलेल्या डॉक्टराला अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटले. पहिला बळी रुग्ण, हे मात्र विसरता कामा नये.

श्रोतेहो, चुकलेले गणित खोडून वही स्वच्छ ठेवण्याची सवय आपणा सर्वांनाच शाळेत लागली. कॉडमन यांनी ते खोडले नाही. पुढच्या विद्यार्थ्यासाठी तसेच राखले.