स्टुडिओ फ्लॅश : प्लग काढला तरी जागाच

गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, त्याचे फ्लॅश भंगाराच्या भावात मिळतायत, मॅन्युअल नाही. घ्यायचे का? उत्तराआधी जरा न्यूयॉर्कला जाऊन येऊ.

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली. न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस ती घेऊन रात्री गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरला. फोटो मिळाले, १८९० मध्ये पुस्तक आलं, शहर हादरलं. पण या नादात त्याने दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःलाच! तेव्हा धोका निदान दिसायचा तरी : धूर, ज्वाळा, जळका वास.

मग १९२९ च्या सुमारास काचेतले बल्ब आले, एकदा वापरा नि फेका. आणि १९३१ च्या आसपास अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरोल्ड एजर्टनने खरी उडी मारली. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि वायू भरलेल्या नळीतून एका क्षणात सोडायची. दुसऱ्या महायुद्धात त्याचे अवाढव्य फ्लॅश विमानांवर बसवून रात्री जमिनीचे फोटो काढले. तुमच्या हातातला स्टुडिओ फ्लॅश त्याच घराण्यातला.

आता धूर नाही, वास नाही. धोका डब्यात गप्प बसलाय. साधा हिशोब बघा : १००० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट, म्हणजे ८० ज्यूल. जीव घ्यायला पुरेसे. प्लग काढल्यावरही हा साठा राहू शकतो. म्हणून आधी स्विच बंद, मग टेस्टचं बटण दाबून फ्लॅश उडवायचा, आणि तरीही डबा उघडायचा नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणारे मित्र असतातच, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. पॅकमधून हेडची केबलसुद्धा चार्ज असताना ओढायची नाही, ठिणगी उडते.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर कमकुवत होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो तापून फुटू शकतो. 'कमी पॉवरवर लावू की' म्हणाल, पण काही पॅकमध्ये कमी पॉवरवर नुसते कपॅसिटर कमी होतात, व्होल्टेज तेवढंच राहतं! त्यामुळे हे काम जाणकार मेकॅनिककडे द्या, तो व्होल्टेज हळूहळू चढवेल. अमेरिकेतून आलेला पॅक असेल तर मागची पट्टी वाचा. ११० व्होल्टचा थेट आपल्या २३० ला लावला की संपलं.

राहिला कॅमेरा. जुन्या फ्लॅशच्या सिंक केबलवर शंभर-दोनशे व्होल्टही येऊ शकतात. काही डिजिटल कॅमेरे अडीचशे झेलतात, काहींना सहाच्या वर चालत नाही. मीटर लावून मोजता येतं, पण मी तर सरळ रेडिओ ट्रिगर लावतो, तोही जास्त व्होल्टेज सोसणारा. ट्रिगर गेला तर काही हजारांचा कॅमेरा तरी वाचतो.

आणि हो, नळी बदलताना बोटं लावू नका. पुढच्या भागात एजर्टनचा दुधाचा थेंब!