शेताचे शब्द व गांवोगांवचे उच्चार



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत मंदिराच्या भिंती व घंटा यांचा इतिहास येईलच. आम्ही येथें त्याहून जुन्या एका ठेव्याविषयीं चार शब्द लिहूं इच्छितों. तो ठेवा म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या जिभेवरील भाषा.

आमचा जन्म घाटावरचा. किनाऱ्यावर पहिली नेमणूक झाली तेव्हां पेरणाऱ्याच्या दृष्टांतावर प्रवचन करितांना आम्ही पाभरीचें नांव घेतलें. लोक एकमेकांकडे पाहूं लागले. मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्यानें नम्रपणें विचारिलें, “फादर, पाभर म्हणजे काय? आम्ही तर राबांत बीं मुठीनें फेकतों.” तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, पाभरीच्या नळ्यांतून बीं नेमकें तासांत पडतें, वाटेवर व कांट्यांत पडतें तें मुठीनें फेकलेलें. शुभवर्तमानांतील पेरणारा त्या म्हाताऱ्यास आमच्याहून अधिक जवळचा होता!

शब्दांतील हा भेद उगाच पडलेला नाहीं. घाटावरील काळ्या जमिनींत ओल खालीं असते, म्हणून बीं खोलवर सोडणारी पाभर हवी. वऱ्हाड व मराठवाड्याकडे तीन फणांची ती तिफण. दक्षिणेकडे जो कुळव, तोच खानदेश-वऱ्हाडांत वखर. कोंकणांत पाऊस मुबलक व पीक भाताचें. म्हणून पालापाचोळा जाळून राब भाजणें, रोपें वाढविणें व चिखलांत लावणी करणें हा क्रम. त्या रोपांस ठाण्याकडे आवण म्हणतात, तर दक्षिण कोंकणांत तरवा. पावसांत घाटावरचा शेतकरी घोंगडी घेतो, कोंकणांतील इरलें. नांगर मात्र दोहोंकडे नांगरच; संस्कृत ‘लांगल’ शब्दाचा तो वंशज होय.

उच्चारांचेंही असेंच आहे. पुस्तकी मराठींतील तांदूळ आगरी व कोळी बोलींत ‘तांदूल’ होतो, वऱ्हाडांत ‘तांदूय’. मूळ संस्कृत शब्द ‘तण्डुल’ असा आहे. मग ‘तांदूल’ म्हणणारास हंसावें कोणीं व कां? डॉ. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालीं निघाला, त्यांत अशा बोलींस मानानें जागा मिळाली आहे. परंतु आम्हीच एकदां धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका मुलाचा ‘तांदूल’ सर्वांदेखत दुरुस्त केला. मुलें हंसलीं. तो मुलगा त्या वर्षीं पुन्हां आपण होऊन तोंड उघडीना. ही आमची चूक आम्हांस अद्याप सलते.

या बाबतींत फादर थॉमस स्टीफन्स यांचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. शुद्ध मराठी तेथील सर्व लोकांस उमजणार नाहीं, म्हणून आपण तींत स्थानिक सोपे शब्द मिसळले, असें ते स्वतःच प्रस्तावनेंत सांगतात. परदेशांतून आलेल्या या पंडितानें लोकांच्या बोलीस कमीपणा मानिला नाहीं; मग आपण आपल्याच बोलीची लाज कां बाळगावी?

आज बैलांची जागा यंत्रानें घेतली आहे, व कित्येक खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. अवजार माळ्यावर गेलें कीं त्याचें नांव फार दिवस टिकत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती कीं, आपल्या नातवंडांस जवळ बसवून हे शब्द सांगावे. आणि तरुणांनीं ते जसे ऐकूं येतील तसेच, दुरुस्त न करितां, वहींत उतरून घ्यावे. ती वही आमच्याकडे आणून दिल्यास मंदिराच्या दप्तरांत आम्ही ती जपून ठेवूं.

आणि तो मुलगा, जो आतां बाप्या झाला आहे, हें वाचीत असेल तर त्यानें पहिला शब्द ‘तांदूल’ असाच लिहावा.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.