पृष्ठातील आकृती आणि स्तर : पोथीपासून संगणकीय अक्षरजुळणीपर्यंत (जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी मुद्रणाचा इतिहास अ. का. प्रियोळकर, बापूराव नाईक आदी अभ्यासकांनी साक्षेपाने मांडला आहे. त्यात छापखाने, खिळे आणि अक्षरवळण यांचा विचार प्राधान्याने झाला. मजकूर आणि आकृती एकाच पृष्ठावर कशा नांदतात, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. संशोधनपर लेखनात आकृती ही सजावट नसून पुरावा असते. म्हणून तिच्या स्थानाचा इतिहास हा ज्ञानव्यवहाराचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात हा प्रवास जालना जिल्ह्याच्या संदर्भाने पाहिला आहे.

हस्तलिखित व शिळाछाप

पृष्ठाला स्तर असतात, ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. पोथीचा लेखक समास आखून घेई, मग काळ्या शाईने मजकूर लिही आणि चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर शुद्ध पाठ लिही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार याच कृतीतून आला. आखणी, मूळ पाठ, लेप आणि दुरुस्त पाठ असे चार थर एका पानावर साचत. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात आहे. रामदासी परंपरेने दासबोधाच्या प्रती ज्या हस्तलेखनाने टिकविल्या, त्याची रीत हीच होती.

शिळाछापाने ही एकात्मता काही काळ राखली. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. या पद्धतीत अक्षर आणि कुंडलीची चौकट एकाच दगडावर उमटत असल्याने आकृतीसाठी वेगळी सोय लागत नसे. जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते. पुढे तेथे उर्दू राजभाषा झाली. नस्तालिक वळण खिळ्यांत बसविणे अवघड असल्याने उर्दूत कातिबाच्या हस्ताक्षराचा शिळाछाप दीर्घकाळ टिकला.

खिळे आणि ठोकळे

खिळ्यांच्या छपाईने मात्र अक्षर आणि चित्र यांची फारकत केली. देवनागरी अक्षरजुळणीच स्तरांची होती. डिग्री पद्धतीत वरची चिन्हे, मूळ अक्षर आणि खालची चिन्हे वेगवेगळ्या तुकड्यांनी जुळवावी लागत. त्यात चित्राचा ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा करून बसवावा लागे. रेषाचित्राचा ठोकळा मजकुरात सामावत असे. छायाचित्राच्या बारीक ठिपक्यांना गुळगुळीत कागद लागे. त्यामुळे छायाचित्रे बहुधा ग्रंथाच्या शेवटी, स्वतंत्र चित्रपत्रांत जात. वाचकाला विधान एका ठिकाणी आणि त्याचा आधार दुसऱ्या ठिकाणी शोधावा लागे.

या फारकतीचे मोल भोकरदनच्या उदाहरणावरून कळते. प्राचीन भोगवर्धन म्हणजेच आजचे भोकरदन. तेथील उत्खननाचा शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी प्रसिद्ध केला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली होती. ती मथुरेची असावी, असे आरंभी मानले गेले. भोकरदनला सापडलेल्या तशाच मूर्तींच्या आधारे म. के. ढवळीकर यांनी तिचे नाते या परिसराशी जोडले. हा निष्कर्ष शैलीच्या तुलनेवर उभा आहे. चित्रे शेजारी नसतील, तर वाचकाला तो तपासता येत नाही, केवळ मान्य करावा लागतो.

उत्खननातील स्तरदर्शक आकृतीची गोष्ट अधिक नाजूक आहे. तीत मातीच्या थरांच्या रेषा आणि थरांचे क्रमांक यांचा मेळ किंचितही चुकला, तर वस्तूचा काळच बदलतो.

संगणकीय जुळणी

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. पुढे चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, पेजमेकर बाजारात आले. जिल्ह्याचे आणि संगणकीय पृष्ठरचनेचे वय असे जवळजवळ सारखे आहे.

ऑफसेटसाठी पूर्वी मजकूर व चित्रे कापून चिकटवीत आणि रंगागणिक वेगळी फिल्म करीत. हेच थर संगणकाच्या पडद्यावर आले. जिल्ह्याच्या नकाशात तालुक्यांच्या सीमा, पूर्णा-दुधना नद्या आणि गावांची नावे स्वतंत्र स्तरांवर ठेवता येऊ लागली. पाचाचे आठ तालुके झाले, तेव्हा अशा नकाशात फक्त सीमांचा व नावांचा स्तर बदलणे पुरेसे ठरते.

डोनाल्ड नूथ यांच्या १९७८ च्या टेक् प्रणालीवर आधारलेल्या लाटेक्ने वेगळी वाट धरली. तीत आकृती जागेला खिळलेली नसते. पानावर मावेल तेथे ती सरकते आणि तिचा क्रमांक मजकुरातील उल्लेखाशी जोडलेला राहतो. त्यामुळे ‘वरील आकृतीत’ असे न लिहिता ‘आकृती ३ मध्ये’ असे लिहिण्याची शिस्त लागते. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये या प्रणालीसाठी देवनागरी उपलब्ध केली.

मराठी नियतकालिकांत मात्र पेजमेकर आणि युनिकोडपूर्व टंक यांचाच वापर रूढ झाला. या टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानांवर बसविलेली होती. टंक नसेल तर मजकूर निरर्थक दिसतो. परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो; पण चित्रात मुरलेली गावांची नावे आणि थरांचे क्रमांक त्याच्या हाती लागत नाहीत. मजकूर वाचतो, आकृती मुकी होते.

समारोप

प्रत्येक तंत्राने पृष्ठाचे स्तर वेगळ्या रीतीने जोडले वा तोडले. पोथीत दुरुस्तीखालचा पाठ कधी कधी तरी वाचता येतो. संगणकात स्तर एकदा एकजीव करून ठेवला, तर मागे जाता येत नाही. म्हणून महाविद्यालयीन नियतकालिकांनी छापील अंकाबरोबर आकृत्यांच्या मूळ, स्तरयुक्त प्रती युनिकोडमधील नावांसह जतन करणे आवश्यक आहे. भोगवर्धनचे हस्तिदंत सुमारे दोन हजार वर्षे मातीत टिकले. त्याची आकृती दोन दशकांत अवाच्य होऊ नये, एवढी जबाबदारी अभ्यासकांवर निश्चितच येते.